जावाचे डोंगरी रेल्वेमार्ग

जावाचे डोंगरी रेल्वेमार्ग म्हणजे इंडोनेशियातील जावा बेटाच्या ज्वालामुखी पर्वतप्रदेशातून डच वसाहतकाळात, मुख्यतः १८७० ते १९३० या कालखंडात, बांधले गेलेले लोहमार्ग होत. भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे, चहाचे मळे, खोल दऱ्यांवरील पोलादी पूल, बोगदे आणि सतत वळणे घेत चढणारे रूळ यांमुळे ग्रामीण इंडोनेशिया पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशांना या मार्गांचे विशेष आकर्षण वाटते. प्रत्यक्षात यांपैकी एकही मार्ग निसर्गदर्शनासाठी आखलेला नव्हता. कॉफी, चहा व साखर बंदरापर्यंत नेणे आणि गरज पडताच सैन्य डोंगराळ भागात पोहोचवणे, हे त्यांचे मूळ हेतू होते. ते हेतू संपल्यानंतर काही मार्ग टिकले, काही बंद पडले आणि थोडे पुन्हा सुरू झाले. या मार्गांचा इतिहास हा बराचसा या निवडीचा इतिहास आहे.

नाव आणि शब्द

इंडोनेशियन भाषेत रेल्वेगाडीला ‘केरेता आपी’ म्हणतात. ‘केरेता’ म्हणजे गाडी आणि ‘आपी’ म्हणजे आग. मराठीतील ‘आगगाडी’ या शब्दाशी त्याचे हे साम्य लक्षणीय आहे. वाफेचे इंजिन प्रथम पाहणाऱ्या दोन्ही समाजांना त्यातील आगच आधी दिसली. गाड्यांच्या नावांतही मराठी वाचकाला ओळखीचे शब्द भेटतात. ‘तुरांगा’ म्हणजे तुरंग, अर्थात घोडा, आणि ‘ताक्साका’ म्हणजे तक्षक नाग. ‘बिमा’ या गाडीच्या नावातून महाभारतातील भीमाची आठवण होते, परंतु हे नाव ‘बिरू मालाम’ (निळी रात्र) या शब्दांच्या आद्याक्षरांवरूनही घेतलेले आहे.

पश्चिम जावातील अनेक स्थानकांची व पुलांची नावे ‘चि’ या अक्षराने सुरू होतात : चिकांपेक, चिसोमांग, चिकुबांग, चिचालेंगका, चिबातू. सुंदा भाषेत हा उपसर्ग पाणी किंवा नदी दर्शवतो. नकाशावर अशी नावे जेथे दाटीने येतात, तेथे रुळांना एकामागून एक नद्या ओलांडाव्या लागल्या असे समजावे.

पार्श्वभूमी

इंडोनेशियातील पहिला रेल्वेमार्ग मध्य जावातील सेमारांग ते तांगुंग असा होता. १७ जून १८६४ रोजी त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि १० ऑगस्ट १८६७ रोजी, म्हणजे मुंबई–ठाणे मार्गानंतर चौदा वर्षांनी, तो खुला झाला. नेदरलँड्स इंडीज रेल्वे कंपनी या खासगी कंपनीने बांधलेल्या या मार्गाच्या रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर होते. हा मार्ग बराचसा सपाट प्रदेशातून जातो.

डोंगरात शिरण्याचा प्रश्न पश्चिम जावातील प्रियांगान प्रदेशात उभा राहिला. अठराव्या शतकापासून येथील शेतकऱ्यांवर कॉफीची लागवड सक्तीची होती. कंपनी सरकारला ठरावीक दराने कॉफी पुरवण्याच्या या पद्धतीला पुढे प्रदेशाचेच नाव मिळाले, आणि १८३० नंतर संपूर्ण जावावर लादलेल्या सक्तीच्या लागवडीला तिचा नमुना उपयोगी पडला. माल उतरवण्याचे साधन मात्र रेड्यांच्या गाड्या आणि माणसांचे खांदे हेच होते. गव्हर्नर जनरल डांडेल्स याने १८०८ साली सुरू केलेला मोठा टपालमार्ग बांडुंगवरून जात असला, तरी पावसाळ्यात जड माल त्यावरून नेणे कष्टाचे होते.

१८७५ साली शासकीय रेल्वेची स्थापना झाल्यावर हा प्रदेश जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. बोगोरपर्यंतचा मार्ग १८७३ मध्येच तयार होता. तेथून रूळ १८८२ साली सुकाबुमीस, १८८३ साली चियांजुरास आणि १८८४ साली बांडुंगला पोहोचले. १८९४ मध्ये हा मार्ग दक्षिणेकडील माओसपर्यंत नेण्यात आला, आणि बटाव्हिया (आजचे जकार्ता) ते सुराबाया हा संपूर्ण प्रवास रेल्वेने करणे शक्य झाले.

तो प्रवास आजच्या अर्थाने सलग नव्हता. रात्री गाड्या चालवल्या जात नसत. प्रवासी माओस येथे उतरून रात्रीचा मुक्काम करीत आणि सकाळी पुढे निघत. योग्याकार्ताच्या आसपास रुळांची रुंदी बदलत असल्याने काही काळ गाडीही बदलावी लागे. बेटाच्या दोन टोकांमधील रात्रीची जलद गाडी १९३६ साली सुरू झाली.

अरुंद रूळ आणि ज्वालामुखीची माती

शासकीय रेल्वेने १,०६७ मिलिमीटर रुंदीचे रूळ निवडले आणि हीच रुंदी पुढे संपूर्ण जावात रूढ झाली. या निर्णयामागे काटकसर होती. रूळ जितके अरुंद तितकी वळणे तीव्र ठेवता येतात. मग डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून जाता येते आणि बोगदे, कटाव व भराव यांवरील खर्च वाचतो. मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटात रुंद रुळांसाठी कातळातून एकापाठोपाठ एक बोगदे खोदावे लागले. जावात त्याच कामासाठी रूळ दरीच्या कडेकडेने नागमोडी फिरवले गेले. गाडीच्या मधल्या डब्यातून पाहिले असता पुढचे इंजिन आणि मागचा शेवटचा डबा एकाच वेळी दिसतात, ते या काटकसरीमुळे. वेग कमी राहणे ही तिची दुसरी बाजू होय.

कातळाऐवजी येथे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली भुसभुशीत माती मोठ्या प्रमाणात आढळते. ती भातासाठी उत्तम, परंतु रुळांसाठी त्रासदायक आहे. मुसळधार पावसात ती पाणी शोषून जड होते आणि उतारावरून सरकते. दरडी कोसळून मार्ग बंद पडण्याच्या घटना पश्चिम जावात आजही घडतात. सुकाबुमी व चियांजुर यांच्या दरम्यानचा लाम्पेगान बोगदा हा १८७९ ते १८८२ या काळात खोदलेला, ६८६ मीटर लांबीचा, इंडोनेशियातील पहिला रेल्वे बोगदा. २००१ साली तो अंशतः ढासळला आणि या मार्गावरील वाहतूक दीर्घकाळ खंडित झाली. बोगद्याच्या उद्घाटनप्रसंगी नाचलेली न्यी सादेआ ही नर्तकी त्यानंतर दिसेनाशी झाली, अशी लोककथा परिसरात सांगितली जाते. लाम्पेगान स्थानकावरून गुनुंग पादांग या महापाषाणकालीन स्थळाकडे जाता येते.

प्रियांगानमधील मार्ग

बोगोरवरून जाणारा मूळ मार्ग लांब आणि तीव्र चढांचा होता. त्याला पर्याय म्हणून उत्तरेकडून चिकांपेक ते पादालारांग हा नवा मार्ग १९०६ साली पूर्ण करण्यात आला. आज जकार्ताहून बांडुंगला जाणाऱ्या पारंपरिक गाड्या याच मार्गाने जातात. चिकांपेक जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर बांडुंग सुमारे ७०० मीटर उंचीवर. पुर्वाकार्ता सोडल्यानंतर चढ सुरू होतो आणि भाताच्या मैदानाची जागा साग, बांबू व उतारावरील शेती घेऊ लागते.

या टप्प्यातील तीन बांधकामे विशेष उल्लेखनीय आहेत. चिसोमांग पूल नदीपात्रापासून सुमारे १०० मीटर उंच असून वापरात असलेल्या रेल्वे पुलांमध्ये तो देशातील सर्वांत उंच मानला जातो. त्यानंतर सासाकसाआत हा ९४९ मीटरचा बोगदा येतो. जुन्या अरुंद जाळ्यावर आजही नियमित वाहतूक असलेल्या बोगद्यांत तो सर्वांत लांब आहे. पुढे चिकुबांग पूल सुमारे ३०० मीटर लांब व ८० मीटर उंच आहे. या पुलांना बाजूचे कठडे जवळजवळ नाहीत. खिडकीतून खाली पाहणाऱ्यास रूळ किंवा गर्डर दिसत नाही. एकदम झाडांचे शेंडे आणि तळाशी भाताचे चौकोन दिसतात. या प्रवासाला साहसी म्हणण्याचे कारण बहुधा हेच असावे, कारण डब्यातील वातावरण तसे अत्यंत शांत असते.

बांडुंगच्या पूर्वेस चढ पुन्हा सुरू होतो. नाग्रेग हे ८४८ मीटर उंचीवरील स्थानक वापरात असलेल्या स्थानकांमध्ये देशात सर्वांत उंच आहे. तेथून रूळ लेलेस व चिबातूच्या खोऱ्यात उतरतात. चिबातूहून एक फाटा गारुत या डोंगरी शहरास जातो. तो १८८९ साली उघडला गेला. दोन महायुद्धांच्या दरम्यान गारुत हे युरोपीय पर्यटकांचे थंड हवेचे ठिकाण होते. १९३२ च्या आशिया दौऱ्यात चार्ली चॅप्लिन यांनीही त्याला भेट दिली होती. हाच फाटा १९३० मध्ये चिकाजांगपर्यंत वाढवला गेला. १,२४६ मीटर उंचीवरील ते स्थानक इंडोनेशियातील आजवरचे सर्वांत उंच रेल्वे स्थानक होय.

अशा चढांसाठी मॅलेट प्रकारची वाफेची इंजिने वापरली जात. त्यांत एकाच बाष्पकाखाली चाकांचे दोन संच असतात आणि पुढचा संच वळणानुसार फिरतो. त्यामुळे लांब व बलवान इंजिनालाही तीव्र वळण घेता येते. नेदरलँड्स व स्वित्झर्लंड येथे १९२७–२८ मध्ये बनलेली सीसी ५० श्रेणीची इंजिने यांपैकी प्रसिद्ध आहेत.

पूर्व जावात कालिसात ते बान्युवांगी हा मार्ग १९०३ मध्ये पूर्ण झाला. कॉफीच्या मळ्यांनी वेढलेल्या गुमितीर डोंगरातून तो म्रावान व गाराहान या दोन बोगद्यांतून जातो. मार्गाच्या शेवटी उतरणारे प्रवासी जवळच्या केतापांग धक्क्यावरून बोटीने बाली बेटावर जातात.

दातेरी रूळ

साध्या रुळांवर चाके केवळ घर्षणाच्या बळावर चढतात, म्हणून चढाला मर्यादा असते. मध्य जावात अंबारावाच्या दक्षिणेस ही मर्यादा ओलांडावी लागली. अंबारावा येथे विलेम पहिला या नावाचा डच किल्ला व लष्करी छावणी होती आणि १८७३ साली येथवर आलेला मार्ग प्रामुख्याने लष्करासाठी होता. १९०५ मध्ये तो डोंगर ओलांडून सेचांगपर्यंत नेण्यात आला. जांबू स्थानकानंतर चढ दर १,००० मीटरला ६५ मीटर इतका होतो.

येथे दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी रूळ बसवला आहे. इंजिनाखालचे दातेरी चाक त्या शिडीच्या पायऱ्यांत अडकत अडकत पुढे सरकते. चढावर इंजिन नेहमी उताराच्या बाजूस, म्हणजे डब्यांच्या मागे, ठेवले जाते. डब्यांमधील जोड तुटला तरी डबे मागे घसरून जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. जर्मनीतील एस्लिंगेन येथे १९०२ च्या सुमारास बनलेली बी २५ श्रेणीची इंजिने या कामासाठी आणली गेली. त्यांना इंधन म्हणून सागाची लाकडे घातली जात आणि पर्यटकांसाठी चालवल्या जाणाऱ्या गाडीत ही प्रथा टिकून राहिली. चालीचा वेग माणसाच्या धावण्याइतकाच असतो.

अंबारावा स्थानक आणखी एका कारणाने वेगळे आहे. त्याच्या एका बाजूला १,४३५ मिलिमीटरचे आणि दुसऱ्या बाजूला १,०६७ मिलिमीटरचे रूळ येत असत. मालाची व माणसांची अदलाबदल फलाटावर होई. १९७६ मध्ये येथे रेल्वे संग्रहालय उभारून जावातील जुनी वाफेची इंजिने आणण्यात आली. बेदोनोपर्यंतच्या दातेरी मार्गाशिवाय रावा पेनिंग सरोवराच्या काठाने तुंतांगपर्यंतचा लहान मार्गही पर्यटकांसाठी चालवला जातो.

जावाबाहेर याच तंत्राचे मोठे उदाहरण पश्चिम सुमात्रात आढळते. विलेम हेंड्रिक दे ग्रेव्ह या डच अभियंत्यास १८६८ साली ओंबिलिन येथे कोळसा सापडला. तो किनाऱ्यावर आणण्यासाठी १८८७ ते १८९४ या काळात सावालुंतो ते पादांगजवळील बंदर असा मार्ग आनाई दरीतून, काही टप्प्यांत दातेरी रुळांसह, बांधला गेला. सावालुंतोच्या खाणींत द्वीपसमूहाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या कैद्यांना साखळदंडांसह राबवले जाई. त्यांना ‘ओरांग रांताई’, म्हणजे साखळीवाली माणसे, म्हणत. ही खाण, शहर व रेल्वे यांचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे जतन केलेल्या वाफेच्या इंजिनाला लोक ‘माक इताम’ म्हणतात. मिनांगकाबाऊ भाषेत मामाला ‘मामाक’ म्हणतात. तेव्हा या नावाचा सरळ अर्थ ‘काळा मामा’ असा होतो.

युद्ध, ऱ्हास आणि बंद मार्ग

१९३९ पर्यंत इंडोनेशियातील रेल्वेचे जाळे सुमारे ६,८०० किलोमीटरचे झाले होते. १९४२ मध्ये जपानी सैन्याने बेटे ताब्यात घेतल्यावर अनेक मार्गांचे रूळ उखडून अन्यत्र नेण्यात आले आणि मध्य जावातील रुंद मार्ग अरुंद करण्यात आले. याच काळात पश्चिम जावात साकेती ते बायाह हा कोळशाचा मार्ग ‘रोमुशा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सक्तीच्या मजुरांकडून बांधून घेण्यात आला. तो १९५१ मध्ये बंद झाला. त्याच्यासाठी किती माणसे मेली याच्या मानाने त्याचे आयुष्य फारच थोडे होते. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर, २८ सप्टेंबर १९४५ रोजी, रेल्वे कामगारांनी बांडुंग येथील मुख्यालय जपान्यांकडून ताब्यात घेतले. हा दिवस इंडोनेशियात रेल्वे दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतरचा ऱ्हास संथ होता. रूळ व इंजिने जुनी झाली, दुरुस्तीला पैसा नव्हता, आणि १९७० च्या दशकात छोट्या प्रवासी मोटारी गावोगाव धावू लागल्या. डोंगरी फाट्यांवर गाडीपेक्षा मोटार लवकर पोहोचे आणि घराजवळ उतरवी. बांजार ते चिजुलांग या पांगांदारानच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या ८२ किलोमीटर मार्गावर १,११६ मीटरचा विल्हेल्मिना बोगदा होता. १९८० च्या दशकारंभी हा मार्ग बंद झाला. गारुत फाटाही १९८३ पर्यंत थांबला. या मार्गांचे पूल दऱ्यांवर तसेच उभे राहिले, तर सपाटीवरच्या रुळांवर घरे, दुकाने आणि शेते आली.

द्रुतगती महामार्ग आणि जलद रेल्वे

जिवंत राहिलेल्या मार्गांपुढचे संकट वेगाचे होते. २००५ मध्ये चिपुलारांग द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यावर जकार्ता–बांडुंग प्रवासी मोटारीकडे वळले. १९७१ पासून धावणारी ‘पाराह्यांगान’ ही गाडी एप्रिल २०१० मध्ये बंद करण्याचे ठरले, तेव्हा नियमित प्रवाशांनी हळहळ व्यक्त केली आणि लगेचच तिचे व ‘आर्गो गेदे’ या महागड्या गाडीचे एकत्रीकरण करून ‘आर्गो पाराह्यांगान’ सुरू करण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जकार्ता–बांडुंग जलद रेल्वे सुरू झाली. ताशी ३५० किलोमीटरपर्यंत वेगाने ती १४२ किलोमीटरचे अंतर पाऊण तासाच्या आसपास पार करते, तर जुन्या मार्गाने सुमारे तीन तास लागतात. जुनी गाडी बंद करावी काय, यावर त्या वेळी सार्वजनिक चर्चा झाली. दोन्ही मार्ग एकाच डोंगरातून जातात, पण जलद गाडीतील प्रवासी त्यातील बराच भाग बोगद्यांतून ओलांडतो.

प्रवासाचे स्वरूप

२००९ ते २०१४ या काळात इग्नासियुस जोनान हे राष्ट्रीय रेल्वे कंपनीचे प्रमुख असताना प्रवासाची पद्धत बदलली. त्यापूर्वी स्वस्त वर्गाच्या डब्यांत उभ्या प्रवाशांची दाटी, कोंबड्या, पोती आणि ‘आसोंगान’ म्हणजे फिरते विक्रेते असा बाजारच भरत असे. आता तिकीट ओळखपत्रावरील नावाने दिले जाते, लांब पल्ल्याच्या गाडीत आसनाशिवाय प्रवेश नसतो, धूम्रपान व फेरीवाल्यांना मनाई आहे. प्रवास सुखाचा झाला. मात्र रुळांकाठच्या गावांतील अनेकांची रोजची कमाई त्याबरोबर गेली, ही गोष्ट पर्यटकांच्या वर्णनात सहसा येत नाही.

डोंगरी भाग पाहण्यासाठी दिवसाची गाडी आवश्यक ठरते, कारण विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सायंकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. बांडुंग ते सुराबाया जाणारी ‘आर्गो विलिस’ ही उच्च वर्गाची गाडी असून तिला मोठ्या काचांचा विशेष डबाही जोडला जातो. जकार्ताच्या पासार सेनेन स्थानकावरून बांडुंगमार्गे पुर्वोकर्तोस जाणारी ‘सेरायू’ ही शासकीय अनुदानावर चालणारी स्वस्त गाडी प्रियांगानचे बहुतेक सर्व घाट ओलांडते. तिच्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते. गावकऱ्यांच्या रोजच्या वापराची गाडी पाहायची असल्यास पुर्वाकार्ता–बांडुंग–गारुत ही स्थानिक गाडी अधिक योग्य म्हणता येईल. ती जवळजवळ प्रत्येक स्थानकावर थांबते आणि एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहत बराच वेळ उभी राहते.

गारुतपर्यंतचे रूळ मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. सुमारे १९ किलोमीटरच्या या फाट्यासाठी चार दशकांत रुळांवर उभी राहिलेली घरे हटवावी लागली. बोगोरकडील जुन्या मार्गाचीही टप्प्याटप्प्याने दुरुस्ती होऊन गाड्या २०२० मध्ये चिपातातपर्यंत पोहोचल्या. त्यापुढे पादालारांगपर्यंतचा तीव्र चढाचा तुकडा मात्र बंदच राहिला.

सुरक्षितता

तीव्र उतार आणि एकेरी रूळ हे या मार्गांचे दोन जुने धोके आहेत. २४ ऑक्टोबर १९९५ च्या रात्री ‘काहुरिपान’ व ‘गालुह’ या दोन गाड्या एकत्र जोडून चालवल्या जात असताना तासिकमालायाजवळच्या त्रोवेक येथील उतारावर ब्रेक निकामी झाले आणि डबे रुळांवरून घसरून दरीत गेले. या अपघातानंतर तेथील स्थानकाचे नाव बदलून चिराहायू करण्यात आले.

५ जानेवारी २०२४ रोजी सकाळी चिचालेंगकाजवळ सुराबायाहून येणारी ‘तुरांगा’ आणि बांडुंगची स्थानिक गाडी समोरासमोर धडकल्या. दोन्ही गाड्यांना एकाच एकेरी मार्गावर प्रवेश मिळाला होता. चार रेल्वे कर्मचारी मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा समितीच्या चौकशीत सिग्नल यंत्रणेतील दोषाकडे लक्ष वेधण्यात आले. या पट्ट्यात दुहेरी मार्गाचे काम अपघाताच्या वेळी चालूच होते आणि दुसरे रूळ जुन्या रुळांच्या शेजारी टाकले जात होते. चिचालेंगकाच्या पुढे, नाग्रेगच्या चढावर, मार्ग एकेरीच आहे.